कथेत ठळक, तिरपं, रंगीत : किती आणि कुठे?

कोरा कागद

मंडळी, एक कथा लिहून तयार आहे, साधारण साडेतीन हजार शब्दांची. पूर्ण होऊन आठवडा उलटला, पण अजून प्रकाशित करता आलेली नाही, कारण लिहायच्या चौकटीवर जी बटणांची रांग असते तिथेच मी अडकून बसले आहे. ठळक, तिरपं, अधोरेखित, मधून रेघ, अक्षराचा आकार, रंग, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, अवतरणाची चौकट, आडवी रेघ. वहीत लिहायचे तेव्हा यातलं काही नव्हतं आणि अडतही नव्हतं.

कथेत चार तऱ्हेचा मजकूर आहे. मुख्य निवेदन, नायिकेच्या मनातले विचार, आईचं दीड पानी जुनं पत्र (त्यात आईने दोन ठिकाणी लिहून खोडलंय, आणि ते खोडणं कथेत महत्त्वाचं आहे), आणि बहीण-भावामधले फोनवरचे मेसेज. शिवाय काळ पाच वेळा मागेपुढे होतो.

पहिल्या खर्ड्यात मी विचार तिरपे केले, पत्र निळं, मेसेज हिरवे, आणि जिथे भर हवा तिथे शब्द ठळक. मैत्रिणीला वाचायला दिलं. ती म्हणाली, "कथा चांगली आहे गं, पण डोळा सारखा ठेचकाळतो." मग सगळं काढून टाकलं. आता विचार कुठे संपतो आणि निवेदन कुठे सुरू होतं ते माझं मलाच कळेना.

तुम्ही काय वापरता, काय टाळता आणि कशासाठी? "कमीत कमी वापर" एवढं ठाऊक आहे. कमीत कमी म्हणजे नेमकं कोणतं, ते हवंय.

पूर्णविराम

आधी परिच्छेद पाडा. बाकी सगळं त्यानंतर.

रात्रवाचक

निळ्या पत्राबद्दल तेवढं सांगतो, कारण तो त्रास रोज भोगतो. मी रात्री वाचतो, काळ्या पार्श्वभूमीवर. गडद निळा रंग काळ्यावर दिसतच नाही. परवा एका कथेतले चार परिच्छेद गायब होते. बोट दाबून मजकूर निवडला तेव्हा कळलं की आहेत, पण काळ्यावर काळे.

हे का होतं ते लेखकांनी एकदा समजून घ्यावं. रंग न निवडलेलं अक्षर पार्श्वभूमी बदलली की स्वतःहून पांढरं होतं. पण तुम्ही रंगांच्या पेटीतून मुद्दाम काळा निवडलात, तर त्या अक्षराला काळा रंग कायमचा चिकटतो. "काळाच आहे, काय बिघडतं" असं वाटतं, आणि तिथेच बिघडतं.

निळी शाई

रंगांवर सगळ्यांचाच राग असतो, म्हणून रंगांच्या बाजूने बोलते. रंग ही संगणकाने आणलेली टूम नाही. जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्यात का? काळ्या शाईचा मजकूर आणि श्लोकाचा आकडा, "उवाच" हे शब्द, अध्यायाची समाप्ती तांबड्या रंगात. ओळी एकसलग, शब्द सुटे केलेले नाहीत, आणि तरी नजर त्या तांबड्या खुणांवरून अचूक चालते. लिहिणाऱ्याला माहीत होतं की वाचणाऱ्याला कुठे थांबायचंय.

मी दोन निवेदकांची कथा लिहिली होती, एकीचा मजकूर काळा, दुसरीचा गर्द लाल. त्या कथेला आलेल्या प्रतिसादांत दोघींचे आवाज वेगळे ऐकू आले असं कित्येकांनी लिहिलं.

रात्रवाचक

निळी शाई, पोथीतला मुद्दा मान्य, आणि सुंदर आहे. पण पोथीचा कागद रात्री काळा होत नव्हता. :) शिवाय तिथे तांबडा रंग फक्त खुणेला होता, अख्खा परिच्छेद तांबडा नसायचा. वेबवर मजकूर सुगम असावा म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जे निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या अक्षराचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ४.५ ला १ हवा असं आहे. पांढऱ्यावर गर्द लाल त्यात सहज बसतो. तोच लाल काळ्यावर बसत नाही. एकच रंग दोन्हींवर धड दिसेल असा शोधायला गेलं की मधलाच काहीतरी फिकुटलेला रंग हाती लागतो.

जुना खिळा

कोरा कागद, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माझी तीसेक वर्षं मुद्रितं तपासण्यात गेली, त्यातली पहिली काही खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत. तेव्हाचं थोडं सांगतो, म्हणजे या बटणांची कुळं कळतील.

अधोरेखित हे बटण मुळात वाचकासाठी नाहीच. हस्तलिखितात शब्दाखाली सरळ रेघ मारली की तो खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला निरोप असे : हा शब्द तिरप्या ठशात जुळव. नागमोडी रेघ म्हणजे ठळक ठसा. छापलेल्या पानावर ती रेघ उरत नसे, तिचं काम झालेलं असे. टंकलेखन यंत्रावर तिरपं अक्षर नव्हतं म्हणून तिथे रेघ टिकली, आणि तिथून ती संगणकात आली. देवनागरीत तर ती उकार, ऊकार आणि ऋकारावरून जाते. "कुंकू" किंवा "मृदू" अधोरेखित करून बघा, खालचा सगळा मजकूर रेघेत अडकतो. आणि पडद्यावर रेघ दिसली की लोक दुवा समजून बोट मारतात, ते वेगळंच. कथेत अधोरेखा नको, एवढं मी डोळे मिटून सांगेन.

तिरप्या ठशाचं कूळ आणखी गमतीचं. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसने १५०१ साली त्या ठशात पहिलं अख्खं पुस्तक छापलं. ठसे कापले होते फ्रान्चेस्को ग्रिफोने. छोट्या, हातात मावणाऱ्या पुस्तकांसाठी तो ठसा होता. एखाद्या शब्दावर भर द्यायला तो वापरायचा ही रीत पुष्कळ नंतरची. आणि त्याचा नमुना होता तिथल्या विद्वानांचं धावतं हस्ताक्षर, म्हणून रोमन लिपीत तिरप्या ठशातली काही अक्षरं आकारानेच वेगळी असतात. देवनागरीत बहुतेक ठिकाणी असा स्वतंत्र ठसा नाही. संगणक उभ्या अक्षराला एका बाजूला ढकलतो. शिरोरेघ आडवी ती आडवीच राहते आणि तिच्याखालचे दांडे कलतात. एखादा शब्द असला तर चालतं. अख्खं पान तिरपं केलंत की वाचणारा दमतो. तुमच्या मैत्रिणीचा डोळा तिथेच ठेचकाळला असावा.

आता ठळक. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्या भाषेत भर द्यायची सोय ठशात नाही, शब्दातच आहे. "ती आली." "तीच आली." "ती आलीच." "आली ती." "ती आली तर!" पाच वाक्यं, पाच वेगळे भर, आणि एकही अक्षर जाड केलेलं नाही. इंग्रजीला असा "च" नाही, तिथे भर आवाजात असतो, म्हणून छापताना तो ठशाने दाखवावा लागतो. तिथली सवय आपण उचलली आणि "तीच आली" यातला "तीच" वर ठळकही करायला लागलो. तो एका खिळ्यावर दुसरा खिळा ठोकणं झालं. मुद्रितं तपासताना मी लेखकांना एकच विचारायचो : ठळक काढलं तर वाक्य कुठे पडतं? पडत असेल, तर वाक्याची रचना बदला. पडत नसेल, तर ठळक कशाला?

पूर्णविराम

जुना खिळा यांना +१. "खिळ्यावर खिळा" लिहून ठेवतो.

मधला कंस

खिळेकाका, आदर राखून असहमत. तुमचं म्हणणं "ही सवय आपली नाही, उचललेली आहे" इथे येऊन थांबतं. उचललेलं काय नाही मग? स्वल्पविराम, अवतरणचिन्हं, प्रश्नचिन्ह, सगळी विरामचिन्हं इंग्रजीतून आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रुजवली. मोडीत तर दोन शब्दांत जागा सोडायचीही रीत नव्हती. आज स्वल्पविरामाशिवाय तुम्ही माझं एक वाक्य तपासून दिलं नसतं. मग ठळक-तिरप्याला तेवढाच अवधी का देऊ नये? पडदा हा नवा कागद आहे, त्याची चिन्हं घडायला वेळ लागेल.

आणि प्रत्येक वेळी भर म्हणजे "च" नसतो. माझ्या एका कथेत दाराबाहेरून हाका येतात. आधी साध्या, मग मोठ्या, मग कर्कश. तिथे मी अक्षराचा आकार वाढवत नेला. ते "तो ओरडला" लिहून साधलं नसतं.

भटकी ओळ

कंसराव, ती कथा मी फोनवर वाचली होती. तिसऱ्या हाकेला एक अक्षर एका ओळीवर आलं. आधी वाटलं फोन बिघडला, मग वाटलं शेजारी ऐकतील. :))

मधला कंस

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! मी मोठ्या पडद्यावर लिहिली होती. आता फोनवर उघडून पाहिली. खरंच "थां" एका ओळीवर आणि "ब" खालच्या. दुरुस्त करतो.

जुना खिळा

मधला कंस, कँडीसाहेबांचा मुद्दा पक्का आहे, त्याला माझ्याकडे तोड नाही. एवढंच म्हणेन, स्वल्पविराम टिकला कारण त्याने जे काम केलं ते आधी कुणी करत नव्हतं. ठळकलाही तसं काम मिळालं तर तो टिकेल. शब्दकोशात मुख्य शब्द ठळक असतो, तिथे तो हवाच. कथेतलं त्याचं काम मला अजून दिसलेलं नाही.

शिरोरेघ

तांत्रिक बाजू मी मांडतो. ठळक-तिरपं वापरायचंच ठरवलंत तर मराठीत काय मोडतं, ते माहीत असू द्या.

पहिलं : आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. समजा, "घरात" या शब्दातलं फक्त "घर" ठळक करायचंय. "घर" निवडून बटण दाबलं की ठळक "घर" आणि उरलेला "ात" वेगळे पडतात. काना हा स्वतंत्र उभा राहू शकत नाही, त्याला व्यंजन लागतं. म्हणून पुष्कळदा तिथे ठिपक्याठिपक्यांचं गोल वर्तुळ उमटतं आणि त्याला काना टेकलेला दिसतो. जोडाक्षराच्या मध्ये निवड तुटली तर हलन्त पाय मोडून पडतो. नियम साधा आहे, पूर्ण शब्द निवडा, प्रत्ययासकट.

दुसरं, काही ठिकाणी बटणं नसतात, मार्कडाऊन असतं. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही पद्धत : शब्दाच्या दोन्ही बाजूंना एक फुली म्हणजे तिरपं, दोन म्हणजे ठळक. फुलीऐवजी खालची रेघही चालते, पण या पद्धतीच्या आजच्या बहुतेक रूपांत शब्दाच्या मध्ये नाही. म्हणजे \*वाडा\*तला असं लिहिलं तर वाडा तिरपा होतो, आणि \_वाडा\_तला लिहिलं तर रेघा जशाच्या तशा दिसतात. अवतरणचिन्ह आलं की फुलीही फसते. \*\*'घर'\*\*चा असं लिहून बघा, फुल्या पानावर उघड्या पडतात. कारण बंद करणाऱ्या फुल्यांच्या आधी चिन्ह आणि नंतर लगेच अक्षर आलं, तर त्या बंद करणाऱ्या मानल्याच जात नाहीत. हे नियम लिहिताना शब्द जागेने तुटतात असं गृहीत धरलेलं होतं. आपल्या प्रत्ययांचा विचार तिथे नव्हता.

तिसरं म्हणजे रिकाम्या जागा. परिच्छेद आत सरकवायला लोक आठ-आठ वेळा स्पेस दाबतात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्यात लिहिलं जातं त्या भाषेत, सलग कितीही स्पेस दिल्या तरी दिसते एकच, आणि परिच्छेदाच्या सुरुवातीला तीही नाही. त्यापेक्षा दोन परिच्छेदांमध्ये मोकळी जागा सोडा. कवितेच्या ओळींसाठी एंटर नाही, शिफ्ट-एंटर. एंटरने नवा परिच्छेद सुरू होतो आणि प्रत्येक ओळ लांब जाऊन पडते.

आणि दोन्ही कडा सरळ करायचं बटण फोनवर वापरू नका. आपले शब्द लांब, ओळ अरुंद. तीन शब्द एका ओळीत ताणले की मध्ये खिंडारं पडतात, आणि ती एकाखाली एक आली की पानातून ओहोळ वाहतात.

निळी शाई

शिरोरेघ, ठिपक्यांच्या वर्तुळाचं कारण आज कळलं. मी समजत होते माझा कीबोर्ड खराब आहे.

पहिलं अक्षर मोठं करणं, प्रकरणाच्या सुरुवातीला, त्याबद्दलही सांगा ना. मला ते फार आवडतं.

शिरोरेघ

आवडतं मलाही, पण देवनागरीत जपून. रोमन मोठं अक्षर शेजारच्या अक्षरांच्या माथ्याशी जुळवतात. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, म्हणून मोठ्या अक्षराची शिरोरेघ पहिल्या ओळीच्या शिरोरेघेशी जुळली पाहिजे, आणि वेलांटी-मात्रेला वर जागा हवी. दुसरी अडचण, पहिलं "अक्षर" म्हणजे काय? "स्त्री"ने कथा सुरू झाली तर मोठं व्हायला हवं ते अख्खं "स्त्री". कित्येक ठिकाणी नुसता "स्" मोठा होतो आणि "त्री" मागे राहते. जोडाक्षर हा एकच तुकडा मानायचा, हा नियम युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिप्या लिहायची प्रमाण पद्धत) तुकडे पाडण्याच्या नियमांत २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आला. तो सगळ्या ब्राउझरांत मुरेपर्यंत कथेची सुरुवात साध्या अक्षराने करा, नाहीतर हे राहू द्या.

भटकी ओळ

म्हणजे नायिकेचं नाव ज्योत्स्ना ठेवायचं नाही तर.

रानपाखरू

अवांतर आहे, पण इतके जाणकार जमलेत म्हणून विचारते. मी वर्डमध्ये लिहून इथे चिकटवते. चिकटवल्यावर "दुसऱ्या"चं "दुसर्या" होतं. म्हणजे र् वर उडी मारून रफार होतो. प्रत्येक कथेत शंभर-दीडशे ठिकाणी हाताने सुधारते. आणि अक्षरं कधी लहान, कधी मोठी दिसतात.

शिरोरेघ

अवांतर कसलं, ही तर मराठी लेखकांची मुख्य दुखणी. ऱ्या दोन प्रकारे उमटतो. एक, साधा र, हलन्त, आणि मग न दिसणारं एक जोडचिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. दोन, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला दोन्ही सारखे. पण काही संपादक चिकटवताना "अदृश्य कचरा" म्हणून ते जोडचिन्ह झाडून टाकतात, आणि उरतो रफार. टिंबवाल्या ऱ मध्ये अदृश्य काहीच नसल्याने तो टिकतो. तुमच्या कीबोर्डवर ऱ शोधा आणि तोच वापरा. जुन्या कथांसाठी "शोधा आणि बदला" एकदा चालवा.

लहानमोठ्या अक्षरांचं कारण वेगळं. वर्डमधून मजकुराबरोबर त्याचा फाँट, आकार, रंगही लपून येतो. चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, बहुतेक ब्राउझरांत नुसता मजकूर येतो. ठळक-तिरपं मात्र पुन्हा द्यावं लागेल.

रानपाखरू

शिरोरेघ, तुमचं भलं होवो. एका कथेत १३२ ठिकाणी बदल झाला, एका झटक्यात.

जुना खिळा

रानपाखरू, फार जुन्या फायली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या काळच्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. इथे चिकटवलं की नुसती रोमन अक्षरं दिसतात. बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यात तेल घालून तपासा, चुका तिथेच होतात.

ऐकणारा

बरेच दिवस हा धागा ऐकतोय. ऐकतोय म्हणजे खरंच ऐकतोय. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, कथा वाचतो. दिवसाला एखादी तरी. तेव्हा या बटणांचं माझ्यापर्यंत काय पोचतं, ते सांगतो.

ठळक, तिरपं, रंग, आकार, उजवीकडे-डावीकडे : काहीच पोचत नाही. सेटिंग बदललं तर स्क्रीन रीडर "ठळक सुरू, ठळक बंद" सांगू शकतो, पण मग कथा ऐकायची राहून जाते, म्हणून मी ते बंद ठेवतो. त्यामुळे कोरा कागद यांचे तिरपे विचार मला निवेदनासारखेच ऐकू येतील. निळी शाई, तुमची दोघींची कथा मी ऐकली आहे. निम्म्यापर्यंत मला ती एकाच बाईची वाटत होती, आणि ती इतकी का बदलतेय म्हणून मी चक्रावलो होतो. मग दुसरीने आपल्या बहिणीचं नाव घेतलं तेव्हा उलगडा झाला, आणि मी पुन्हा पहिल्यापासून ऐकली. कथा फार आवडली, म्हणूनच सांगतोय.

पोचतात त्या गोष्टी अशा. शीर्षक, खरं शीर्षक म्हणून दिलेलं. माझ्याकडे एक कळ आहे, दाबली की पुढच्या शीर्षकावर उडी जाते. मोठ्या प्रकरणांच्या कथेत त्यावर सगळं चालतं. पण साध्या ओळीला ठळक आणि मोठं करून शीर्षकासारखं सजवलं असेल तर उडी जात नाही. अवतरणाची चौकट पोचते, सुरू झाली आणि संपली हे दोन्ही कळतं. आडवी रेघ पोचते. परिच्छेद पोचतो. दृश्य बदलाला लोक फुल्या टाकतात, तीन असतील तर ठीक. एका कथेत चाळीसेक होत्या, दर दृश्याला, आणि स्क्रीन रीडर त्या एकेक करून म्हणत होता.

आणि मधून मारलेली रेघ पोचत नाही. याचा विचार कोरा कागद यांनी नक्की करावा. आईने खोडलेले शब्द मला न खोडलेले ऐकू येतील.

निळी शाई

ऐकणारा, तुमचं वाचून बराच वेळ नुसती बसून होते. त्या कथेत दोघींच्या भागांना त्यांच्या नावाची शीर्षकं देते आज. लाल रंगही काढते. आता वाटतंय, दुसरीचा आवाज पहिल्या वाक्यातच वेगळा लागायला हवा होता. मी ते काम रंगाकडे दिलं.

मधला कंस

मी माझ्या ओरडण्याच्या कथेबद्दल तेच म्हणणार होतो. ऐकणारा, तुम्हाला तीन वेळा सारखंच "थांब" ऐकू आलं असेल.

ऐकणारा

हो. पण तिसऱ्या हाकेनंतर तुम्ही आतल्या माणसाच्या हातातला पेला खाली ठेवलात. तिथे मला आवाज मोठा झाल्याचं कळलं.

मधला कंस

पेला मी विसरलोच होतो. आकाराचं बटण काढतो.

भटकी ओळ

खोडण्यावरून आठवलं, "हरताळ फासणे" हा वाक्प्रचारही मजकूर-सजावटीतलाच ना? हरताळ म्हणजे पिवळा खनिज रंग. पोथीत चुकलेल्या अक्षरांवर तो फासायचे, की अक्षर झाकलं जायचं. आपण आज सगळ्या कष्टांवर फासतो तो हाच हरताळ.

जुना खिळा

बरोबर. आणि यात एक बारकावा आहे. हरताळ फासला की खालचं अक्षर नाहीसं करायचा हेतू असतो. मधून रेघ मारली की खालचं अक्षर वाचता येतं. कोरा कागद, तुमच्या आईने यातलं काय केलं? ती झाकतेय, की खोडलेलं दिसू देतेय? ते ठरलं की बटण लागेल की नाही हेही ठरेल.

पूर्णविराम

हा प्रश्न कथेला विचारण्यासारखा आहे.

रात्रवाचक

मूळ प्रश्नाकडे येऊ. विचारांसाठी मी वाचक म्हणून काय पसंत करतो सांगू? छोटा विचार असेल तर काहीच खूण नको. "आता परत जाऊन काय करणार होती ती?" एवढं वाचलं की मला कळतं की हे तिच्या डोक्यात चाललंय. मोठा विचार असेल तर वेगळा परिच्छेद. मेसेजना हिरवा रंग नको, नाव आणि विसर्गासारखं चिन्ह पुरे, नाटकातल्या संवादासारखं. आणि उजवी-डावी मांडणी तर नकोच, फोनवर ती कुणीकडची कुणीकडे जाते.

शिरोरेघ

अनुमोदन. आणि फाँट, अक्षराचा आकार, दोन ओळींमधलं अंतर हे लेखकाने ठरवूच नये. ते वाचकाचं आहे. मघाशी उल्लेख झालेल्या निकषांत अक्षर दुप्पट मोठं करता आलं पाहिजे आणि ओळींमधलं अंतर दीडपट केलं तरी मजकूर मोडता कामा नये असं आहे. आपल्या वर-खाली मात्रा असलेल्या लिपीला त्या दीडपटीची खरी गरज. एक मात्र वाढवू नका, दोन अक्षरांमधलं अंतर. शिरोरेघेचे तुकडे पडतात.

संकेतस्थळ चालवणाऱ्यांना सांगायचं तर एवढंच की पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फाँटांत मराठी ल आणि श यांची सोय आहे, त्यांत मग ते आपल्या वळणाचे उमटतात.

कोरा कागद

तीन दिवस बसून सगळं पुन्हा केलं. काय केलं ते सांगते.

ठळक एकही नाही. खिळेकाकांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक ठळक शब्द काढून वाक्य वाचलं. एकोणीस होते. बाराजागी काहीच फरक पडला नाही, पाच ठिकाणी "च" किंवा "तर" घातला, दोन वाक्यं उलटी फिरवली.

विचारांचं तिरपं काढलं. एक जागा तरी अडली, तिथे नायिकेचं "मी" आणि निवेदनातलं "ती" एकाच परिच्छेदात येत होतं. परिच्छेद फोडला, गाठ सुटली.

पत्र अवतरणाच्या चौकटीत. रंग नाही. "चि. माधवीस अनेक आशीर्वाद" अशी सुरुवात आहेच, त्याहून वेगळी खूण लागली नाही. मेसेज नावं घालून. काळ बदलतो तिथे आडवी रेघ, पाच वेळा.

राहिलं खोडलेलं. "झाकतेय की दिसू देतेय" यावर दोन रात्री गेल्या. आई झाकत होती. तिने शाईने इतकं गिरवलं होतं की कागद खरवडला गेला होता. म्हणजे रेघ मारलेले शब्द वाचकाला दाखवणं हे मुळातच चूक होतं, ते आईने दिसू दिले नसते. आता पत्र त्या जागी तुटतं, नायिका कागद खिडकीशी धरते, मागच्या बाजूने बोट फिरवते आणि उठलेल्या वळांवरून एक अक्षर लागतं. फक्त एक. पूर्वी दोन्ही शब्द कळत होते, आता कळत नाहीत. दीडशे शब्द वाढले.

कथा टाकली आहे. वाचून सांगा.

ऐकणारा

ऐकली. पत्र कुठे सुरू झालं आणि कुठे तुटलं, दोन्ही कळलं. खिडकीपाशी ती कागदावर बोट फिरवते तो परिच्छेद परत मागे जाऊन ऐकला. मीही वळांवरूनच वाचायला शिकलो, फक्त ते ठिपके असतात. उठलेलं अक्षर बोटाला आधी लागतं आणि मग त्याचा अर्थ लागतो, ते तुम्ही बरोबर लिहिलंय.

जुना खिळा

वाचली. उत्तम. दुसऱ्या रेघेनंतरच्या तिसऱ्या परिच्छेदात एक "बिचार्या" राहिलंय, आणि शेवटून दुसऱ्या मेसेजात भावाचं नाव सुटलंय.

कोरा कागद

दोन्ही दुरुस्त केलं, काका.